अनोव्हा सिग्निफिकंट आहे पण टूकीत एकही जोडी वेगळी नाही, आता रिझल्टमध्ये काय लिहू?

टाकीवाली

नमस्कार मंडळी. फिशरीजमध्ये मास्टर्स करतेय, वर्सोव्याच्या बाजूला. थीसिसचं रिझल्ट चॅप्टर लिहायला घेतलंय आणि तिथेच गाडी अडकलीय. रोहूच्या बोटुकल्यांना (बोटाएवढ्या पिल्लांना) पाच प्रकारचं खाद्य दिलं, प्रत्येक खाद्याला ४ टाक्या, प्रत्येक टाकीत १५ मासे, म्हणजे एकूण २० टाक्या. कुठल्या टाकीला कुठलं खाद्य ते चिठ्ठ्या टाकून ठरवलं होतं. शेवटी सरासरी वजनवाढ ग्रॅममध्ये अशी आली:

क. कंट्रोल (शेंगदाणा पेंड + भाताचा कोंडा) : १४.२
ख. कंट्रोल + सोया : १४.१
ग. कंट्रोल + सुक्या जवळ्याची भुकटी : १६.७
घ. कंट्रोल + सोया + जवळा : १६.८
च. कंट्रोल + अझोला (पाण्यावर तरंगणारं नेचं) : १५.४

अनोव्हात (सगळ्या गटांच्या सरासऱ्या एकदम तपासणारी टेस्ट) एफ ४.१८ आला, डिग्रीज ऑफ फ्रीडम ४ आणि १५, पी ०.०१८, म्हणजे ०.०५ च्या खाली, सिग्निफिकंट. एरर मीन स्क्वेअर (एकाच खाद्याच्या टाक्या-टाक्यांतला फरक) १.६२. मी खूश. मग टूकी (गटांच्या जोड्या लावून तपासणारी टेस्ट) लावली तर एकही जोडी सिग्निफिकंट नाही, सगळ्यात छोटा पी ०.०६ च्या आसपास, तो ख आणि घ मधला. म्हणजे एकीकडे म्हणायचं गटांमध्ये फरक आहे आणि दुसरीकडे म्हणायचं कुठल्याच दोन गटांत फरक नाही?? परीक्षकांनी व्हायव्हाला हेच विचारलं तर मी काय तोंड उघडणार.

गाईड म्हणतायत डंकनची टेस्ट लाव, आपल्याकडे सगळ्या थीसिसमध्ये डंकनच असतं. लॅबमधला सीनियर म्हणतो टाकीची सरासरी कशाला घेतेस, ३०० मासे आहेत ते सगळे टाक, सगळं सिग्निफिकंट येईल. आणि एसपीएसएस उघडलं की पोस्ट हॉकमध्ये (अनोव्हानंतरच्या तुलनांमध्ये) अठरा चौकटी समोर येतात, कुठे टिक करायचं तेच कळत नाही. कुणीतरी नीट समजावून सांगा प्लीज, फॉर्म्युले चालतील पण आधी अर्थ सांगा.

सीडी_पाच_टक्के

एवढं टेन्शन कशाला घेतेस. मी ॲग्रीवाला, आमच्याकडे कुणी टूकी-बिकी लावत नाही, सरळ सीडी म्हणजे क्रिटिकल डिफरन्स काढायची आणि पुढे जायचं. तुझ्या आकड्यांवर काढून दाखवतो. दोन सरासऱ्यांमधल्या फरकाचा स्टँडर्ड एरर म्हणजे २ गुणिले १.६२ भागिले ४ याचं वर्गमूळ, ०.९० आला. १५ डिग्रीजला टी २.१३१, म्हणून सीडी १.९२. आता बघ, क-ग २.५, क-घ २.६, ख-ग २.६, ख-घ २.७, चारही जोड्या सीडीच्या वर. अझोला कुणापासूनच वेगळा नाही. डंकन लावलंस तरी हेच येईल, जवळ्याच्या दोघांना ए, कंट्रोल आणि सोयाला बी, अझोलाला एबी, एक जरी अक्षर सारखं असेल तर त्या दोघांत फरक दिसला नाही असं समजायचं. झालं काम, चहा पी.

अंधेरी_स्लो

थांबा थांबा, चहा नंतर. सीडीवाल्या दादांचं गणित बरोबर आहे पण त्या सीडीची किंमत काय मोजतोय तेही सांगायला हवं ना.

टाकीवाली, आधी तुझा सीनियर काय म्हणतो ते बाजूला काढू, कारण ते सगळ्यात घातक आहे. तू खाद्य माशाला दिलं नाहीस, टाकीला दिलंस. चिठ्ठी टाकीच्या नावाने निघाली. एका टाकीतले १५ मासे एकच पाणी पितात, एकच एरेटर, एकाच वेळी अमोनिया वाढला तर सगळ्यांचीच भूक मरते, त्यामुळे ते १५ वेगवेगळे पुरावे नाहीत. ३०० मासे टाकलेस की एररचे डिग्रीज १५ वरून २९५ वर जातात आणि टाकी-टाकीतला फरक खाद्याच्या खात्यावर चढतो. याला स्यूडोरेप्लिकेशन म्हणतात, हर्लबर्ट नावाच्या इकॉलॉजिस्टने १९८४ मध्ये या प्रकाराची चांगली हजेरी घेतली होती आणि जरा बरा परीक्षक असेल तर पहिला प्रश्न हाच विचारेल. सगळे ३०० आकडे वापरायचेच असतील तर टाकी रँडम इफेक्ट घेऊन मिक्स्ड मॉडेल (टाकी-टाकीतला फरक वेगळा मोजणारं) कर, सगळ्या टाक्यांत मासे सारखेच असतील तर उत्तर टाकीच्या सरासरीवरचंच येईल. थोडे मासे मेले असतील तरी तुझा एन म्हणजे ४ टाक्या. तू केलंयस ते बरोबर केलंयस.

आता सीडी. हीच फिशरची एलएसडी (लीस्ट सिग्निफिकंट डिफरन्स), त्यातही एफ सिग्निफिकंट आला तरच पुढे जायचं अशी अट असते. तीन गट असतील तर ही अट पुरते, खरंच पुरते, एकूण चुकीचा धोका ५ टक्क्यांच्या आतच राहतो. चार किंवा जास्त गट झाले की नाही पुरत. समज एक खाद्य खरोखरच जबरदस्त आहे आणि उरलेली चार अगदी सारखी आहेत. त्या एकामुळे एफ सिग्निफिकंट येणार, दार उघडलं, आणि मग त्या सारख्या चौघांमधल्या सहा जोड्या तू कसलंही संरक्षण नसताना ५-५ टक्क्यांवर तपासत बसणार. पाच गटांच्या दहा जोड्या होतात, त्या एकमेकांपासून स्वतंत्र असत्या तर निदान एक तरी खोटा फरक सापडायची शक्यता १ वजा ०.९५ चा दहावा घात म्हणजे ४० टक्के झाली असती. जोड्या एकमेकांत गुंतलेल्या असतात म्हणून प्रत्यक्षात कमी, पण ५ तर नक्कीच नाही.

डंकनची गोष्ट तशीच. १९५५ ची पद्धत, टेबल छान दिसतं, अक्षरं भरपूर मिळतात म्हणून लोकांना आवडते. पण त्यात जितके जास्त गट पल्ल्यात येतील तितकी सूट वाढत जाते, पाच गटांना १ वजा ०.९५ चा चौथा घात, साडेअठरा टक्के. ही चूक नाही, डंकनने मुद्दाम तशी बनवलीय, खरे फरक निसटू नयेत म्हणून. फक्त खाली "५ टक्के पातळी" लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला वाटतं सगळं मिळून ५ टक्के, तसं ते नसतं.

टाकीवाली

बापरे, थँक्यू. सीनियरला हे वाचायला देते. पण मूळ प्रश्न तसाच राहिला ना, एफ हो म्हणतो आणि टूकी नाही म्हणते. दोघांत खोटं कोण बोलतंय?

अंधेरी_स्लो

कुणीच नाही, दोघांना वेगवेगळं विचारलंय. जरा लांबण लावतो, सांभाळून घे.

टूकी फक्त जोड्या बघते. सगळ्यात मोठी सरासरी आणि सगळ्यात छोटी सरासरी यांच्यात किती अंतर पडलं तर ते निव्वळ योगायोगाच्या पलीकडचं मानायचं, एवढाच तिचा हिशेब. पाच गट, १५ डिग्रीज, स्टुडंटाइज्ड रेंजचा आकडा ४.३७, त्याला १.६२ भागिले ४ च्या वर्गमुळाने म्हणजे ०.६३६ ने गुण, २.७८ ग्रॅम. तुझी सगळ्यात मोठी जोडी २.७. आठ शतांशांनी गेली.

एफ मात्र जोड्या बघतच नाही. तो पाचही सरासऱ्या मिळून मधल्या आकड्यापासून किती पसरल्यात ते बघतो. आणि तुझा पसारा बघ कसा आहे, दोन खाली चिकटलेत (१४.१, १४.२), दोन वर चिकटलेत (१६.७, १६.८), एक बरोब्बर मध्ये. टोकाची कुठलीही एक जोडी घेतलीस की तुझ्या हातात फक्त आठ टाक्यांची माहिती असते. पण खालचे दोन एका बाजूला आणि वरचे दोन दुसऱ्या बाजूला असं घेतलंस की सोळा टाक्या बोलायला लागतात. करून बघ: ग आणि घ ची सरासरी १६.७५, क आणि ख ची १४.१५, फरक २.६. फरक जवळपास तेवढाच पण आता स्टँडर्ड एरर ०.९० नाही, ०.६४ आहे. टी ४.०९.

आणि हे बघ म्हणजे पटेल. अनोव्हा टेबलात खाद्यांचा सम ऑफ स्क्वेअर्स (सरासऱ्यांच्या पसाऱ्याचं एकूण माप) २७.१ असेल, तपासून घे. या एका तुलनेचा सम ऑफ स्क्वेअर्स २७.०४ येतो. म्हणजे तुझ्या एफमध्ये जे काही होतं ते जवळजवळ सगळंच्या सगळं या एका तुलनेत बसलंय, उरलेल्या तीन डिग्रीजमध्ये काहीच नाही. एफ बरोबर ओरडला, टूकीला मात्र ज्या दिशेने ओरडला तिथे बघताच येत नव्हतं.

अशा तुलनेला कॉन्ट्रास्ट म्हणतात. यासाठी शेफेची पद्धत आहे, १९५३ ची. तिची मजा अशी की एफ सिग्निफिकंट असेल तर शेफेच्या मापाने निदान एक कॉन्ट्रास्ट सिग्निफिकंट असतोच असतो, आणि एफ नसेल तर एकही नसतो. दोघांचं कधी भांडण होत नाही. फक्त तो कॉन्ट्रास्ट जोडीच असेल असं काही नाही, आणि कधी कधी तो इतका विचित्र निघतो की त्याला अर्थच नसतो, पाव हा अधिक अर्धा तो असलं काहीतरी. तुझं नशीब चांगलं, तुझ्या कॉन्ट्रास्टला अर्थ आहे. शेफेची रेषा ४ गुणिले ३.०६ चं वर्गमूळ, ३.५०. तुझा टी ४.०९. आरामात पास.

भाऊचा_धक्का

मस्त समजावलंत अंधेरी. पण एक शंका, आणि जरा कडू आहे. आधी आकडे बघितले, मग खालचे दोन आणि वरचे दोन अशी मोट बांधली आणि मग म्हटलं बघा काय टी आला. असं तर कुणालाही काहीही सिद्ध करता येईल की. शेफे त्याची भरपाई करतं हे मान्य, पण टी ४.०९ वरून सरळ पी काढून छापणार असाल तर माझा आक्षेप आहे.

टाकीवाली, एक सांग, सिनॉप्सिसमध्ये ऑब्जेक्टिव्ह काय लिहिलं होतंस? ट्रायल सुरू व्हायच्या आधी जे मंजूर करून घेतलंस ते. शब्दशः सांग.

टाकीवाली

शोधलं. "खाद्यात सुक्या जवळ्याची भुकटी मिसळल्याने रोहूच्या बोटुकल्यांच्या वाढीवर होणारा परिणाम, सोयासह व सोयाविना." आणि दुसरं ऑब्जेक्टिव्ह "अझोलायुक्त खाद्याची कंट्रोलशी तुलना". जवळा घेतला कारण ससून डॉकला सुकवताना जो तुटका-फुटका उरतो तो स्वस्तात मिळतो. घरी आणला तेव्हा आईने निम्मा काढून घेतला कांदा घालून करायला, ते वेगळं.

भाऊचा_धक्का

आईंनी बरोबर केलं.

आणि तुझंही काम झालं. अगं तू स्वतःच लिहून ठेवलंयस की. क, ख, ग, घ हे चार मुळी एका रांगेतले चार गट नाहीतच, हे दोन गुणिले दोन आहे. जवळा नाही/आहे आणि सोया नाही/आहे. च हा बाजूला ठेवलेला पाचवा. अंधेरींनी जो कॉन्ट्रास्ट काढला तो दुसरं तिसरं काही नसून जवळ्याचा मेन इफेक्ट (सोया असो-नसो, त्याचा सरासरी परिणाम) आहे, आणि तो तू ट्रायलच्या आधीच विचारला होतास. म्हणजे माझा आक्षेप मागे. आधी ठरवलेल्या तुलनेला शेफेचा दंड भरायची गरज नाही.

चार डिग्रीज आहेत, चार प्रश्न आहेत, बघ किती छान जुळतंय:

जवळ्याचा परिणाम: २.६, टी ४.०९, पी ०.००१ च्या किंचित खाली.
सोयाचा परिणाम: (१४.१ आणि १६.८) विरुद्ध (१४.२ आणि १६.७), दोन्हीकडे १५.४५, म्हणजे काहीच नाही.
दोघांचं इंटरॅक्शन: सोयाविना जवळ्याने २.५ वाढले, सोयासह २.७, फरक ०.२, कुठेच नाही.
अझोला विरुद्ध कंट्रोल: १.२, स्टँडर्ड एरर ०.९०, टी १.३३, नाही.

कुणी म्हणालं चार तुलना केल्यात तर करेक्शन लावा, तर लाव बॉनफेरोनी, पी ला चारने गुण, तरी ०.००४. लपवण्यासारखं काही नाही. दहाही जोड्यांवर बॉनफेरोनी लावली असतीस तर रेषा ३.२९ गुणिले ०.९० म्हणजे २.९६ ग्रॅमवर गेली असती, टूकीपेक्षाही कडक. होल्मची १९७९ ची पायरीपायरीची पद्धत बॉनफेरोनीपेक्षा कधीच वाईट नसते पण तीही इथे पहिल्याच पायरीवर अडकते, सगळ्यात छोटा साधा पी ०.००९ आणि पहिली पायरी ०.००५. सगळ्या दहा जोड्या विचारायच्या तर दहांची किंमत द्यावी लागते. तुला दहा प्रश्न नव्हतेच.

सीडी_पाच_टक्के

चला म्हणजे शेवटी माझ्या सीडीनेच जे सांगितलं तेच आलं की, जवळा चांगला. 😄

एक खरंच विचारतो, कंट्रोल आहे तर डनेट का नाही? आमच्याकडे औषध फवारणीच्या ट्रायलला एकजण वापरायचा.

अंधेरी_स्लो

उत्तर तेच आलं दादा, पण दुसऱ्या डेटावर तेच येईल याची हमी नाही, एवढंच माझं म्हणणं.

डनेट चांगला मुद्दा. तीही १९५५ ची. फक्त कंट्रोलशी तुलना, दहाऐवजी चार, म्हणून रेषा खाली येते. चार ट्रीटमेंट आणि १५ डिग्रीजला दोन बाजूंचा आकडा २.७३, गुणिले ०.९०, २.४६ ग्रॅम. क-ग २.५, क-घ २.६, दोन्ही पास. बघा, त्याच २० टाक्या, तेच आकडे, टूकी २.७८ मागते, डनेट २.४६, एलएसडी १.९२, शेफे जोडीला ३.१५. म्हणून टेस्ट नंतर निवडायची नसते, नाहीतर मासळी बाजारात भाव करतोय तसं होतं, जिथे परवडेल तिथे घ्यायचं.

डनेट इथे चालली असती पण तिला सोयासह-सोयाविना हा प्रश्न विचारता येत नाही. ख-घ ही जोडी, जी खरं तर जवळ्याचाच पुरावा आहे, ती तिच्या हिशेबातच नाही. त्यामुळे भाऊंनी मांडलेले चार कॉन्ट्रास्ट जास्त चांगले.

अजून एक, हे हौशी लोकांसाठी. टूकी लावायला आधी एफ सिग्निफिकंट असावाच लागतो हा समज चुकीचा आहे. टूकी स्वतःच एकूण धोका ५ टक्क्यांत ठेवते, तिला एफची परवानगी नको. उलट दोन्ही अटी लावल्या तर विनाकारण कडक होतं. एफ आधी आला की मग त्या संरक्षणाचा फायदा करून घेणारी पद्धत वेगळी आहे, फिशर-हेटर, १९८६ ची. तिच्यात पाचऐवजी चार गटांचा आकडा घ्यायचा, ४.०८, म्हणजे २.६० ग्रॅम. ख-घ ची २.७ पास झाली असती, २.६ वाल्या दोन जोड्या अगदी काठावर, राउंडिंग न केलेले आकडे बघावे लागले असते. वापर असं म्हणत नाहीये, आता बघून वापरलीस तर तेही भाव करणंच झालं.

गोरेगावकर_ई

मी उशिरा आलो पण दोन बारीक गोष्टी. पाचही खाद्यांत प्रथिनांचं प्रमाण सारखं ठेवलं होतं का? नसेल तर जवळ्याचा परिणाम म्हणजे जवळ्याचा की नुसत्या जास्त प्रथिनांचा हा प्रश्न येणार आणि तो कुठल्याच पोस्ट हॉकने सुटत नाही. दुसरं, व्हेरियन्स (प्रत्येक गटातला पसारा) सारखे आहेत का बघितलंस? ४-४ टाक्यांवर लेव्हिनची टेस्ट फारसं काही पकडू शकत नाही, त्यापेक्षा २० ठिपके काढून डोळ्यांनी बघ. फारच विषम असते तर वेल्च आणि गेम्स-हॉवेल या विषम व्हेरियन्ससाठीच्या पद्धतींकडे जावं लागलं असतं.

टाकीवाली

प्रथिनं सगळीकडे सारखी ठेवली होती, प्रॉक्झिमेट ॲनालिसिस केलंय, टेबल आहे. ठिपके काढले, पसारा साधारण सारखाच दिसतोय, अझोलाचा किंचित जास्त.

म्हणजे आता मी असं लिहू का: "आधी ठरवलेल्या कॉन्ट्रास्टनुसार जवळ्याच्या भुकटीने वजनवाढ सरासरी २.६ ग्रॅमने जास्त झाली, सोयाचा व इंटरॅक्शनचा परिणाम आढळला नाही." आणि टूकीचं काय करू, काढून टाकू? आणि गाईडना अक्षरं हवीच आहेत टेबलात, त्याशिवाय त्यांना टेबल अपुरं वाटतं.

भाऊचा_धक्का

वाक्य चांगलंय, फक्त २.६ च्या पुढे ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल टाक, १.२ ते ४.० ग्रॅम येतो. दीड ग्रॅम पण असू शकतो आणि साडेतीन पण, हे वाचणाऱ्याला कळायला हवं, जवळ्याचा खर्च परवडतो की नाही ते त्यावरच ठरणार. "आढळला नाही" हे बरोबर लिहिलंस, "परिणाम नाही" लिहू नकोस. सोयाला पण तेच, शून्याच्या दोन्ही बाजूंना साधारण १.४ ग्रॅमपर्यंतची शक्यता उरतेच.

टूकी लपवू नकोस. एका वाक्यात सांग की सर्व जोड्यांच्या टूकी तुलनेत एकही जोडी ५ टक्के पातळीला पोचली नाही. परीक्षकांनी विचारलं की एफ आणि टूकी वेगळं का बोलतात, तर २७.१ पैकी २७.०४ वालं उत्तर दे, त्यापुढे कुणी विचारेल असं वाटत नाही.

अक्षरांचं म्हणशील तर टूकीप्रमाणे पाचही जणांना ए द्यावा लागेल, ते गाईडना दाखव आणि विचार की हे टेबल हवंय का कॉन्ट्रास्टचं. 😄 अगदीच ऐकले नाहीत आणि डंकनची अक्षरं टाकावी लागली तर तळटीपेत पद्धतीचं नाव लिही आणि अझोलाला एबी मिळालं म्हणून "अझोला मध्यम दर्जाचा ठरला" असलं वाक्य डिस्कशनमध्ये अजिबात घालू नकोस. एबीचा अर्थ तो कुठल्या बाजूचा ते या चार टाक्यांवरून सांगता येत नाही एवढाच होतो, आणि तुझ्या अझोलाचा पसारा पण जास्त आहे म्हणतेस.

टाकीवाली

गाईडना दाखवलं. म्हणाले कॉन्ट्रास्टचं टेबल मेन चॅप्टरमध्ये, डंकन अपेंडिक्समध्ये. आणि सीनियर आता त्याच्या स्वतःच्या डेटात टाक्या किती ते मोजतोय.